गुरुवार, पायांचा वार

वस्तीत तिला सगळे टाकेवाली म्हणत. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव होतं, पण ते सरकारी कागदांपलीकडे कधी गेलं नाही. चपला शिवायचा धंदा तिला वडिलांकडून मिळाला आणि टोपणनावही त्यांच्यामुळेच पडलं. वडील चपलेला खिळा म्हणून मारत नसत. "खिळा म्हणजे आळशाचा टाका," असं ते म्हणायचे. बाकीचे कारागीर चार चुका ठोकून गिऱ्हाइकाला मोकळं करत, आणि ही बापलेक मात्र मेण लावलेला दोरा आरीनं ओढत बसायची. गिऱ्हाईक घाई करायचं, कुरकुरायचं, पण एकदा चप्पल घेऊन गेलं की वर्षभर फिरकायचं नाही. आपल्या धंद्यातला खरा तोटा तो हाच, असं म्हणून वडील हसायचे.

माणूस हाताचा पक्का, पण स्वतःच्या पायांकडे त्यानं कधी पाहिलं नाही. ती बावीस वर्षांची असताना एका संध्याकाळी वडिलांनी दारात बसून बूट काढला आणि आतून बोराएवढा खडा पडला. सकाळपासून तो आतच होता. वडिलांनी खडा उचलून पाहिला, हा कधी शिरला म्हणून स्वतःशीच हसले, आणि तीही हसली. ते हसणं पुढे कितीतरी वर्षं तिला बोचत राहिलं.

कारण दोन महिन्यांनी त्यांच्या तळव्याला जखम झाली, आणि ती दुखत नाही म्हणून कुणी मनावर घेतली नाही. मोठं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलायच्या, खिडकीपुढे रांग लावायची, आणि आपला नंबर येईपर्यंत खिडकी बंद झालेली बघायची. दिवस गेला तो गेलाच, वर त्या दिवसाची मजुरीही. त्यामुळे वस्तीतली माणसं हॉस्पिटलात जायची ती बहुधा कुणाच्या तरी खांद्यावरूनच. वडिलांनाही तसंच नेलं, अंगात ताप फणफणल्यावर. साखर वाढलेली आहे हे तिथे पहिल्यांदा कळलं आणि त्याच आठवड्यात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. घरी आल्यावर वडील म्हणाले, "जन्मभर लोकांना जोड करून दिले. आता मला एकच पुरतो." सगळे हसले. दीड वर्षात ते गेले.

त्यांची आरी, कातडं कापायची रापी आणि लोखंडी तिवई तिच्याकडे आली. लग्न एका रंगाऱ्याशी झालं. सरळ माणूस, थोडा गमत्या, भिंतीशी बोलत रंग देणारा. एक मुलगी झाली. टाकेवाली रोज सकाळी गोणपाट पसरून बसायची आणि गुडघ्यांत जगाच्या चपला धरायची.

ती चाळिशीत आली तेव्हा वस्तीत आरोग्य केंद्र सुरू झालं. केंद्र म्हणजे जुन्या गोदामाच्या दोन खोल्या. भिंतींना फिकट हिरवा रंग, एक लांब बाक, केसपेपरची खिडकी, औषधांचं कपाट, आणि पडद्यामागे मलमपट्टीचं टेबल. तरुण डॉक्टरीणबाई आठवड्यातून तीन दिवस यायच्या. बाकी सगळा कारभार सिस्टरांच्या हातात. सिस्टर म्हणजे इतक्या काटेकोर की त्यांच्याकडे बघून घड्याळ लावावं. टाकेवालीनं आपलं गोणपाट उचलून नेमकं केंद्राच्या भिंतीला लावलं, कारण वस्तीत दुपारची सावली तेवढीच होती.

झालं, दोघींची जुंपली. दवाखान्याच्या दारात धुळीच्या चपला, चिकटवायच्या सोल्यूशनचा वास, ठोकाठोकी, हे सिस्टरांना कसं चालावं? त्यांनी तिला दोनदा उठवलं. ती दोनदा उठली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. सिस्टर तणतणत बाहेर आल्या तेव्हा तिनं मान वर न करता सांगितलं, "सावली सरकते तशी मी सरकते, सिस्टर. नोटीस द्यायचीच तर सूर्याला द्या." बाकावर बसलेले पेशंट खोकता खोकता हसले. सिस्टरांनी दार लावून घेतलं. पुढची तीन वर्षं दोघी एकमेकींना भिंतीच्या दोन्ही बाजूंनी सहन करत राहिल्या.

मग एक दिवस भाजीबाजारातला हमाल बूट घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, खांदे रेड्यासारखे आणि बोलणं गाईसारखं. बुटाचा तळ सुटला होता आणि कुणीतरी त्याला खिळे मारून ठेवले होते. टाकेवालीची सवय अशी की डोळ्यांआधी हात. तिनं बुटात हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. बोटाला रक्त आलं होतं. तळातून एक खिळा चांगला पाव इंच वर आलेला होता, आणि त्याच्याभोवती काळपट, चिकट डाग होता. तो डाग तिच्या रक्ताचा नव्हता.

"दादा, हा खिळा टोचत नाही का?" तिनं विचारलं.

"कुठला खिळा?" हमाल म्हणाला.

टाकेवालीच्या हातातला बूट तसाच राहिला. तिनं पाय दाखवायला सांगितलं. हमाल लाजला. पाय काय बघायचे, बाजारातल्या चिखलातले पाय, असं काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली की माझा जन्म पायांशी गेलाय, मोजा काढा. मोजा निघेना, तो तळव्याला चिकटला होता. पाणी लावून लावून काढला तेव्हा अंगठ्याच्या खाली शर्टाच्या बटणाएवढं भोक दिसलं, आणि कडेची कातडी पांढरी पडलेली. हमाल स्वतःच वाकून बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय आहे.

तिनं त्याला दंडाला धरून आत नेलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि केसपेपरची खिडकी एकला बंद व्हायची. सिस्टर हातमोजे काढत होत्या. उद्या सकाळी या, असं त्यांनी सवयीनं सांगितलं.

"उद्या बाजार आहे," टाकेवाली म्हणाली. "परवाही बाजार आहे. हा माणूस मोकळा होऊन येईल तेव्हा दोन्ही पायांवर येणार नाही, सिस्टर. माझे वडील आले नव्हते."

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पायाकडे. त्यांनी हातमोजे पुन्हा चढवले. जखम धुतली, पट्टी केली, बोटातून थेंब काढून साखर तपासली. आकडा बघून त्यांनी दुसऱ्यांदा तपासली. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या टाकेवालीला हात पुढे करायला सांगितलं आणि तिच्या बोटालाही औषध लावलं. तीन वर्षांत दोघींचा तोच पहिला स्पर्श.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हमालाला नीट तपासलं. साखरेमुळे त्याच्या तळव्यांची जाणीव गेली होती. गोळ्या सुरू झाल्या, एक दिवसाआड पट्टी ठरली. बाजाराच्या मुकादमाला सिस्टरांनी चिठ्ठी दिली, आणि त्यानं कुरकुरत का होईना हमालाला गेटवर स्टुलावर बसायचं काम दिलं. पण डॉक्टरीणबाई सिस्टरांना म्हणाल्या की औषध अर्धंच काम करेल, जखमेवरचा भार कमी झाला नाही तर ती भरणार नाही. त्यासाठी खास चपला लागतात, त्या मोठ्या हॉस्पिटलात करून मिळतात, आणि तिथे चार महिन्यांची यादी आहे. टाकेवाली दाराशी उभी राहून ऐकत होती.

"कशा लागतात ते सांगा," ती म्हणाली. "मी करते."

डॉक्टरीणबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं. आतून मऊ, तळाला कडक, पट्टे रुंद, मागून बंद असलेल्या, आत शिवण लागता कामा नये आणि खिळा तर मुळीच नको. खिळा आमच्या घराण्यातच नाही, असं टाकेवाली म्हणाली, आणि मापाची दोरी आणायला गेली.

चार दिवस तिनं दुसरं काम घेतलं नाही. व्यायामाच्या चटया बनवणाऱ्या कारखान्यातून उरलेलं मऊ रबर आणलं, दोन थर चिकटवले, जखमेच्या जागी खळगा कोरला, पट्ट्यांना आतून मऊ कापड लावलं. चपला इतक्या सुरेख झाल्या की नवऱ्यानं त्या हातात घेऊन, या पायात कशाला, भिंतीवर लावू म्हटलं. हमाल त्या घालून गेला. सहाव्या दिवशी पट्टी सोडताना जखमेच्या शेजारी नवा फोड दिसला.

सिस्टरांनी दोष दिला नाही, नुसती नवी पट्टी बांधली, आणि हेच तिला जास्त लागलं. चपला परत घेऊन ती घरी आली. जेवण समोर तसंच राहिलं. मोठ्या तोंडानं करते म्हणाले आणि बिचाऱ्याचा पाय आणखी बिघडवला, हे तिच्या डोक्यातून जाईना. रंगाऱ्यानं तिचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाला, "भिंतीला पापुद्रा आला तर मी रंगाला शिव्या देत नाही. पुन्हा खरवडतो आणि खाली ओल कुठे आहे ते बघतो."

तिनं चपला उलट्या केल्या आणि ओल शोधायला लागली. घासल्याच्या खुणा बघितल्या. पाय चपलेत पुढे सरकत होता, शिवाय बाहेरच्या बाजूला मावत नव्हता. पण माप तर तिनं दोनदा घेतलं होतं. घेतलं होतं कसं? बाकावर बसवून. आणि हा माणूस आयुष्यभर पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन चालत आलेला, बरा झाला की पुन्हा तेच करणार. बसलेला पाय वेगळा आणि ओझ्याखालचा पाय वेगळा. ओझं आलं की, मग ते नुसत्या अंगाचं का असेना, पाय पसरतो, बोटं जमीन धरतात, टाच आत कलते. तिनं माप घेतलं होतं ते आराम करणाऱ्या पायाचं, आणि त्या पायाला आराम कधी माहीतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं केंद्राच्या मागच्या अंगणात एका पत्र्याच्या परातीत ओली वाळू थापली. हमालाच्या पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधली, आणि बाजारातल्या दोघांना भरलेलं पोतं आणायला लावलं. डॉक्टरीणबाई खिडकीतून बघत होत्या. हे काय चाललंय म्हणून त्या बाहेर आल्या, आणि टाकेवालीनं सांगितल्यावर अडवायचं विसरून परातीशी उकिडव्या बसल्या. पोतं पाठीवर आलं, हमाल पाच आकडे मोजेपर्यंत उभा राहिला, आणि उतरल्यावर वाळूत तो पाय जसा होता तसा उमटला. कुठे खोल, कुठे उथळ, सगळं स्पष्ट. डॉक्टरीणबाई बराच वेळ त्या ठशाकडे बघत होत्या. आम्हाला हे कुणी शिकवलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

दुसरा जोड दिसायला ओबडधोबड झाला. रंगाऱ्यानं तो भिंतीवर लावायची भाषा केली नाही. पण फोड बसला, जखम कडेनं भरत आली, आणि नवव्या आठवड्यात सिस्टरांनी बाहेर येऊन तिला आत बोलावलं. टेबलावरचा दिवा त्यांनी खाली ओढून हमालाच्या तळव्याजवळ धरला. भोकाच्या जागी कोवळी, गुलाबी कातडी आली होती. तिघंही वाकून बघत होते. टाकेवाली मान वळवून चपलेचा पट्टा तपासायला लागली.

हमाल मुळात अबोल, पण पाय वाचल्यावर त्याला वाचा फुटली. त्यानं सगळ्या बाजाराला सांगितलं. पुढच्या पंधरा दिवसांत टाकेवालीच्या गोणपाटापुढे चपला कमी आणि पाय जास्त यायला लागले. ओझी वाहणारे, रस्ते झाडणाऱ्या बाया, दिवसभर उभ्यानं इस्त्री करणारे. कुणाला भेगा, कुणाला घट्टे, आणि दहातल्या एक-दोघांना काहीच नाही, टोचलेलंही कळत नाही. या शेवटच्यांना ती उठवून आत न्यायची.

शेवटी सिस्टरांनीच तिला आत यायला सांगितलं. मलमपट्टीच्या पडद्याशेजारी एक कोपरा मोकळा केला. केसपेपर लिहिणाऱ्या कारकुनाला ते रुचलं नाही. काल दारात बसणारी बाई आज आत आली, हे त्याच्या हिशोबात बसेना. तो तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "पायातली वहाण पायातच बरी."

"बरोबर बोललात," टाकेवाली म्हणाली. "आणि पायात नीट बसलेली बरी. तेच करायला आलेय. तुमचे बूट टाचेला चावतायत, उद्या घेऊन या."

त्यानं दुसऱ्या दिवशी आणले नाहीत. तिसऱ्या दिवशी आणले.

वार ठरवताना तिनं गुरुवारच मागितला, कारण गुरुवारी बाजार बंद. त्या दिवशी आलं तर कुणाची मजुरी बुडत नाही. आणि खिडकी एकला बंद होऊन चालणार नाही, असंही तिनं सांगितलं. सिस्टरांनी वर पत्र लिहिलं, उत्तर यायची वाट पाहिली नाही, आणि गुरुवारी पाचपर्यंत थांबायला लागल्या. वस्तीत त्याला पायांचा वार हे नाव आपोआप पडलं.

दाराबाहेर काढलेल्या चपलांच्या रांगेवरून टाकेवाली आधी एक फेरी मारायची. जुनी चप्पल म्हणजे पायाचा केसपेपर, असं तिचं म्हणणं. कुठला पट्टा नको इतका ताणलाय, कुणाचा अंगठा रबरात रुतलाय, कुणाच्या चपलेत काच घुसून बसलीय आणि मालकाला पत्ता नाही, हे बघून ती आत येऊन सिस्टरांना सांगायची, ती लाल पट्ट्याची चप्पल कुणाची आहे त्याला सोडू नका. मग बुटक्या स्टुलावर बसून एकेक पाय मांडीवर घ्यायची. शेजारी कोमट पाण्याचं घमेलं, टॉवेल, दिवा. डॉक्टरीणबाईंनी तिला नायलॉनचा एक जाड धागा दिला होता, काडीला बसवलेला. माणसानं डोळे मिटायचे, तिनं धागा तळव्याला टेकवायचा, आणि कळलं की हो म्हणायचं. हो आला नाही की ती त्या जागी शाईचा ठिपका द्यायची. जखमेला ती हात लावत नसे. ते काम सिस्टरांचं.

लोक पाय दाखवायला लाजत. बरेच जण फक्त दुखरा पाय धुऊन येत. "दुसरा काय शेजाऱ्याचा आहे?" असं ती विचारायची, आणि दोन्ही घमेल्यात घालायला लावायची. धुणीभांडी करणारी एक म्हातारी बाई मात्र पाय मांडीवर घेताच रडायला लागली. तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्या फरशा पुसल्या होत्या, पण तिचे पाय कधी कुणी हातात घेतले नव्हते. टाकेवालीनं तिला रडू दिलं, तोवर टाच पुसली, आणि मग डोळे मिटायला सांगितलं.

दोन वर्षं अशी गेली. मग वरच्या ऑफिसातून एक साहेब तपासणीला आले. औषधांची नोंद बघितली, लशींच्या फ्रिजचं तापमान बघितलं, सगळं ठीक निघालं. नंतर त्यांची नजर कोपऱ्यातल्या स्टुलावर गेली. ही बाई कोण, तिचं शिक्षण काय, कुणाच्या परवानगीनं पेशंटना हात लावते? सिस्टर खरं बोलणाऱ्या, त्यांनी खरं सांगितलं. साहेबांनी हे ताबडतोब बंद करा म्हणून सांगितलं आणि वहीत लिहायला घेतलं. टाकेवाली उठली. स्टूल भिंतीशी सरकवलं, टॉवेलची घडी घालायला लागली. बाहेर बाकावर एकवीस माणसं बसली होती.

सिस्टर कपाटाकडे गेल्या आणि एक जाड रजिस्टर घेऊन आल्या. टाकेवालीला त्या रजिस्टराचा पत्ता नव्हता. गेली दोन वर्षं त्या प्रत्येक पायाची नोंद करत होत्या, डावा, उजवा, तारीख, ठिपके किती, पुढे काय झालं.

"केंद्र सुरू झालं त्या वर्षी या वस्तीत नऊ जणांचे पाय किंवा बोटं कापावी लागली," त्या साहेबांना म्हणाल्या. "ही आत बसायला लागल्यापासून दोन वर्षांत मिळून एक. तेही करंगळी. बंद करायचं तर करा, पण आधी बाहेर जाऊन त्या एकवीस जणांना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते, नियमातले होते. त्यांनी रजिस्टर उभ्या उभ्या चाळलं, मग बसून वाचलं, पाणी मागितलं, पुन्हा वाचलं. बऱ्याच वेळानं त्यांनी तोड काढली. मोठ्या हॉस्पिटलात अशा चपला करणाऱ्यांचं सहा आठवड्यांचं प्रशिक्षण असतं. हिनं ते करावं, परीक्षा द्यावी, पास झाली तर रीतसर नेमणूक. तोवर फक्त चपला शिवाव्यात.

आनंदाची बातमी, पण टाकेवाली त्या दिवशी घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. शाळा चौथीनंतर सुटलेली, आणि हॉस्पिटलही तेच, वडिलांचा पाय ठेवून घेतलेलं. मी नाही जाणार, असं तिनं सांगून टाकलं. सिस्टर घरी आल्या. पहिल्यांदाच त्या तिच्या उंबऱ्याच्या आत आल्या, आणि चपला दाराबाहेर काढताना तिनं त्यांची झिजलेली टाच नेमकी बघितली. सिस्टरांनी फार काही समजावलं नाही. तुमच्याशिवाय गुरुवार कसा करायचा ते मला येत नाही, एवढं म्हणून त्या पाणी पिऊन गेल्या. टाकेवालीनं सोमवारची पहिली बस धरली.

तिथल्या वर्गात बाकी सगळी पोरं तिच्या मुलीच्या वयाची, पुस्तकं घेऊन येणारी. पहिला आठवडा तिनं नुसते पट्टे कापले. चपला बनवण्याच्या खात्याचे मास्तर पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे. एकदा ते मशीनवर झालेला एक जोड वर्गात दाखवत होते. जोड हातोहात फिरत तिच्याकडे आला. तिनं सवयीनं आत हात घातला, डोळे मिटले आणि अंगठ्यापाशी थांबली. शिवण आतून नखाएवढी वर आली होती. कुणाच्या डोळ्यांना ती दिसली नव्हती. मास्तरांनी स्वतः हात घालून पाहिलं, जोड बाजूला काढला, आणि दुसऱ्या दिवसापासून तयार झालेला प्रत्येक जोड बाहेर जाण्याआधी तिच्या हातून जायला लागला.

संध्याकाळी घरी मुलगी तिला पुस्तिका वाचून दाखवायची. हाडांची नावं तिला पाठ होत नसत. तिनं प्रत्येकाला आपलं एक नाव ठेवलं, आणि मुलगी हसून हसून वाकडी व्हायची. रंगारी भाजी चिरता चिरता मधेच एखादं हाड विचारायचा आणि तिचं चुकलं की तोही चुकीचंच सांगायचा.

परीक्षा तोंडी होती. समोर तीन मोठे डॉक्टर. पहिल्यांदा त्यांनी चपलेविषयी विचारलं आणि ती सुटली, थांबवावं लागलं. मग मधल्या डॉक्टरांनी विचारलं, संवेदना म्हणजे काय. तिला शब्द कळला नाही. घाम पुसून तिनं सरळ विचारलं, संवेदना म्हणजे कशाला म्हणता? डॉक्टरांनी दुसऱ्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला, आणि त्यांचं अर्धं वाक्य होईपर्यंत तिच्या लक्षात आलं.

"चपलेतला खडा कळणं," ती म्हणाली. "तो ज्याला कळत नाही, त्याच्या वतीनं आपण बघायचं. रोज."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. बाहेर आल्यावर तिला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. आठ दिवसांनी सिस्टरांनीच निकाल आणला. बत्तीस जणांत ती दुसरी आली होती. पहिली का नाही, असं सिस्टरांनी दरडावून विचारलं, आणि मग केंद्राच्या दारात, सगळ्या पेशंटांसमोर, त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता तिच्या कोपऱ्याला दार आहे. आत दोन मशिनं, रबराच्या गुंडाळ्या, ओल्या वाळूच्या तीन पराती, आणि हाताखाली वस्तीतल्याच दोन बायका. त्यांना ती खिळ्याच्या डबीला शिवू देत नाही. दुसऱ्या दोन वस्त्यांच्या केंद्रांतून नर्स शिकायला येऊन गेल्या, आणि तिथेही आता पायांचा वार असतो, एकीकडे सोमवारी, एकीकडे रविवारी. ज्या वस्तीला ज्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी.

गेल्या गुरुवारी गल्लीच्या तोंडाशी एक मोठी गाडी थांबली, कारण पुढे तिला यायला वाव नव्हता. तिच्यातून उतरलेल्या वयस्क बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, शहराच्या चांगल्या भागात राहणाऱ्या. मुलाच्या हाताचा आधार घेत त्या जपून चालत केंद्रात आल्या. हातात मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी होती, मास्तरांच्या अक्षरातली. या बाईंच्या पायाला आमच्याकडचे दोन जोड बसले नाहीत, तुम्ही बघावं, असं लिहिलेलं. खाली सही, आणि सहीखाली नमस्कार.

कारकुनानं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि स्वतः उठून टाकेवालीपर्यंत आणून दिली. या बाईंना आधी घ्यायचं का, असं त्यानं हळूच विचारलं. टाकेवालीनं मांडीवरच्या पायाचा ठिपका पुरा केला. तो पाय बाजारातल्या एका नव्या हमालाचा होता, पोरगेलासा माणूस, डोळे घट्ट मिटून बसलेला.

"नंबर किती त्यांचा?" तिनं विचारलं.

"चौदा."

"आणि चालू?"

"नऊ."

"मग बाकावर जागा करून द्या. खुर्ची द्या हवी तर, पायाखाली पाट द्या. आणि सांगा, दोन्ही मोजे काढून ठेवायचे."

मुख्याध्यापिका बाकावर इस्त्रीवाल्याच्या आणि एका झाडूवालीच्या मधे बसल्या, मोजे काढून मांडीवर ठेवले, आणि झाडूवालीनं त्यांना आत काय काय होतं ते बारकाईनं समजावून सांगायला सुरुवात केली.